कांताबाईचा समुद्र

रॉकेल संपलं म्हणून सत्यशीला शाळेतून आली तशी बाटली घेऊन पेठेत निघाली. राजूरच्या गणपतीपुढं आरतीची तयारी चालली होती, दुकानांतून पेढ्यांचा वास येत होता. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, माणसं पुन्हा दारात बसून हसायला लागली होती. सगळं रोजच्यासारखंच. फक्त तारीख तेवढी सहा डिसेंबरची होती, आणि ती तारीख आपल्यासमोर कुणी उच्चारू नये असं सत्यशीलाला सकाळपासून वाटत होतं.

त्याचं असं झालं होतं. मास्तरीण होऊन ती राजूरला आली, तेव्हा खोली देताना झुंबरबाईंनी सहज विचारलं होतं, "आपल्यातलीच ना गं तू?" आणि ही 'हो' म्हणाली होती. एका अक्षराचा तो शब्द! पण खोटं बोलायला एक अक्षर पुरतं, निभवायला मात्र जन्म पुरत नाही. दर मंगळवारी देवळात जायचं, बाबासाहेबांचा फोटो पेटीत पातळांखाली दडवायचा, आणि परतूरहून कुणी भेटायला येऊ नये म्हणून आपणच आधी घरी जाऊन यायचं. झुंबरबाई वाईट असती तर गोष्ट वेगळी. पण ताप आला तेव्हा ही बाई सत्यशीलाच्या उशाशी जागली होती. त्यामुळं तर तिला जास्तच लाज वाटायची.

लहानपणी सहा डिसेंबर म्हणजे दादर. बाप पुंजाराम, आई कांताबाई, ती आणि धाकटा देवानंद, सगळे परतूरला गाडीत चढायचे. मनमाडला गाडी बदलायची, दाटीवाटीत उभ्यानं झोपायचं. चैत्यभूमीवर माथा टेकला की कांताबाई लेकरांना समुद्राच्या कठड्यावर नेऊन बसवायची. पाय खाली सोडून सगळे ओळीनं भाकरी अन् ठेचा खायचे. वाऱ्यानं वाळू यायची, घास दातांत करकरायचा. "खाय गं, मुंबईचं मीठ हाय ते," आई म्हणायची. पांढरं पातळ ती तेवढ्या दिवसापुरतंच नेसायची. पदराची गाठ लेकीच्या झग्याला मारायची, पोर गर्दीत हरवू नये म्हणून. आणि दर साली समुद्राकडं बघत तेच बोलायची, "एवढं पाणी, अन् कुणाची मनाई न्हाई. किती बी शिव, सत्या!"

पुढं सत्या मोठी झाली आणि गर्दीला आईच बिचकायला लागली. मग ती लेकीचा हात घट्ट धरून चालायची.

औंदा मात्र सत्यशीलानं दिवाळीतच सांगून टाकलं होतं, "मला रजा मिळत न्हाई." कांताबाई हसली होती. "मंग मी कुणाला धरून चालू गं?"

बाटली घेऊन ती परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. ओट्यावर झुंबरबाई आणि शेजारच्या सगुणाबाई देवासाठी वाती वळत बसल्या होत्या. "टेक जरा, मास्तरीणबाई," झुंबरबाई म्हणाल्या. ती टेकली, कापूस हातात घेतला. बोटांना रॉकेलचा वास येत होता.

मग हळूहळू दुसराच वास यायला लागला. ओला, खारट, सुकत घातलेल्या मासळीसारखा. राजूरला कुठला आलाय समुद्र! पण ओट्याखाली कुठंतरी पाणी आपटून मागं सरतंय, असा आवाज येत होता. सगुणाबाईंचा हात वातीवरच थांबला.

"कोण गं ती दारात?" झुंबरबाई डोळे बारीक करून म्हणाल्या. "पांढरं पातळ, अन् हातात हिरव्या बांगड्या? असं कसं?"

सत्यशीलानं मान वर केली. दारात कांताबाई उभी होती. पातळ गुडघ्यापर्यंत भिजलेलं, केस वाऱ्यानं विस्कटलेले. आळीत तर वाऱ्याची झुळूकही नव्हती.

"सत्या..." ती म्हणाली. "लई गर्दी हाय गं... हात सुटला."

"तुझ्या वळखीची हाय का?" झुंबरबाईंनी विचारलं.

दोघी तिच्याकडं बघत होत्या. सत्यशीलाच्या मनात आलं, आई दादरला न जाता इथं आली. आता सगळी आळी जमा होणार.

"न्हाई," ती म्हणाली. "मी न्हाई ओळखत."

कांताबाई भांडली असती, रडली असती, तर फार बरं झालं असतं. ती नुसती ओशाळं हसली, चुकून परक्याच्या दारात गेलेलं माणूस हसतं तशी. हात जोडून म्हणाली, "चुकलं बाई. मला वाटलं, माजी लेक हाय." आणि वळून चालायला लागली.

बाया उठून आत गेल्या तशी सत्यशीला पडत-धडपडत मोटारस्टँडवर पळाली. तिथं कुणीच नव्हतं. पांढऱ्या पातळातली बाई कुणी पाहिलीही नव्हती. परत आली, तर झुंबरबाईंची शेळी दारातली ओली पायरी चाटत होती. ओढली तरी हलेना.

सकाळच्या पहिल्या मोटारीनं तिनं परतूर गाठलं. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "अगं, तिघं बी दादरला गेल्ते की!"

पुंजाराम आणि देवानंद परतले. दोघंच.

"दिवेलागणीपर्यंत संगं होती," एका रात्रीत म्हातारा झाल्यासारखा बाप बोलत होता. "कठड्यापाशी गर्दी लोटली अन् हात सुटला. तुजं नाव घेऊन हाका मारू राह्यली होती. मला ऐकू येत होतं, पण दिसत नव्हती..."

दिवेलागणीला! सत्यशीलाला सगळं सांगायचं होतं. ती माझ्या दारात आली होती, आणि मी तिला परतवली. पण हे कोणत्या तोंडानं सांगायचं? दवाखाने झाले, चौक्या झाल्या. कांताबाई ना जिती सापडली, ना मेलेली. वर्षभर बाप विचारायचा, "कुठं गेली असंल गं?" आणि लेक खाली मान घालून भाकरी थापायची.

पुढल्या सहा डिसेंबरला सत्यशीला बाप आणि देवानंदसोबत दादरला गेली. कठड्याशेजारी हरवलेल्या माणसांचा मंडप होता. संध्याकाळी भोंग्यांवरून आवाज आला, "परतूरच्या कांताबाई पुंजाराम इथं बसल्या आहेत. नातेवाइकांनी मंडपात यावं."

तिघं कशी पळाली, त्यांचं त्यांनाच ठाऊक. मंडपातला स्वयंसेवक गोंधळून इकडंतिकडं बघत होता. समोरच्या बाकावरून पाणी ठिबकत होतं.

"आत्ता इथं होत्या हो मावशी... मी विचारलं, तुमचं कुणी आहे का? तर म्हणाल्या, लेक हाय, पण ती वळखत न्हाई म्हणली."

पुंजारामनं हळूहळू मान वळवली. "सत्या... काय सांगून राह्यला गं ह्यो?"

आता मात्र तिला राहवेना. सगळ्या गर्दीसमोर तिनं माईक ओढून घेतला. "आई! मी ओळखते तुला... मी खोटं बोलले गं. मीच तुझी लेक हाय. ये ना गं आई..."

"ताई," स्वयंसेवक दबक्या आवाजात म्हणाला, "माईक बंद आहे."

ती हुंदके देत तिथंच खाली बसली. तेवढ्यात कठड्यावरचे सगळे भोंगे हलकेच खरखरले, आणि त्यांतून एक मायाळू, ओळखीचा, पण परक्याची विचारपूस करावी तसा बायकी आवाज आला.

"रडू नगा बाई... घावंल तुमची आई."