साहेबांनी निवडलेला पॉवर सप्लाय

पटो न पटो, पण हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या मामीच्या घरात, गेल्या थंडीत, भर दुपारी.

मामा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. झोपेतच गेला. हार्ट अटॅक.

मामी घरीच भरतकामाची डिझाइन्स बनवते. कॉम्प्युटर बंद पडला की तिचं काम ठप्प. मामा होता तोवर तिला काळजी नव्हती. तो स्वतः पार्ट आणून जोडायचा, ती शेजारी बसून स्क्रू हातात द्यायची. बघून बघून तीही शिकली होती.

त्या आठवड्यात कॉम्प्युटरनं मानच टाकली. मामी कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात गेली. मदरबोर्ड ठरला, रॅम ठरली. राहिला पॉवर सप्लाय, आतल्या पार्टना वीज पुरवणारा डबा.

"साडेपाचशे वॅटचा पुरेल ना?" तिनं विचारलं.

"पुरेल की. पण तुमचा बाजूला काढून ठेवलाय," दुकानदार म्हणाला.

"माझा?"

"साहेब काल येऊन गेले ना! म्हणाले, भरतकामाच्या कॉम्प्युटरसाठी माझी बायको येईल, तिला हाच द्या. दुसरा देऊ नका."

मामीनं काउंटरची कड धरली.

"कसे... दिसत होते?"

"उंच. चष्मा. मान जरा डावीकडे कललेली. आत या म्हटलं, तर दारातच उभे राहिले."

हुबेहूब मामा; मान तर तो गेला त्या सकाळी होती तशी. आणि दुकानदार नवा. त्यानं मामाला जन्मात पाहिलं नव्हतं.

मामीनं पैसे दिले. तो खोका तिनं पोटाशी धरला आणि रस्ताभर रडत घरी आली. भीतीनं नाही... आनंदानं. गेल्यावरही माझी काळजी करतात, असं वाटून.

घरात कुणी नव्हतं. लेक कॉलेजला गेलेली.

मामीनं खोक्याचं सील फोडलं. कॉम्प्युटरचं पत्र्याचं कॅबिनेट टेबलावर आडवं करून पार्ट बसवायला घेतले.

स्क्रूसाठी तिनं हात पुढे केला...

स्क्रू हातात आला.

कुणी दिला, हे बघायला तिनं वळायला हवं होतं. ती वळली नाही. तिला बरं वाटत होतं, असं ती नंतर म्हणाली. खूप दिवसांनी बरं वाटत होतं.

सगळं जोडून झालं. तिनं प्लग लावला. भिंतीवरचं बटण दाबलं.

आणि आवाज थांबले.

रस्त्यावरच्या गाड्या... शेजारचा टीव्ही... घड्याळाची टिकटिक... काहीच नाही. कानात कापूस कोंबल्यासारखं.

मग मागून, अगदी मानेजवळून...

"अगं, दाब ना."

मामाचाच आवाज. लाडात यायचा तेव्हाचा.

तिचं बोट कॅबिनेटच्या बटणाकडे निघालं.

"दाब. मी आहे ना."

"आई!"

लेक दारात उभी होती. बॅग टाकून ती धावली ती थेट भिंतीकडे. तिनं खटकन बटण बंद केलं, प्लग उपटला.

"आई, पाय बघ तुझे!"

मामीनं खाली पाहिलं. ती अनवाणी होती. आणि घोट्यापर्यंत साडी भिजलेली... फरशीवर पाण्याचं थारोळं.

त्या खोलीत नळ नाही. छत कोरडं. पाणी फक्त तिच्या पायांखाली होतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीचा इलेक्ट्रिशियन आला. त्यानं पॉवर सप्लाय उघडला आणि मग खोक्यावरचं फुटलेलं सील उलटसुलट करून पाहिलं.

"सीलबंद होता म्हणता?"

"मीच फोडलं सील."

"मग हे कसं? आतली वायर सोलून पत्र्याला टेकवलीय. सगळ्या कॅबिनेटला करंट होता. त्यात ओले पाय... ताई, बोट लागलं असतं तर जागच्या जागी..."



लेकीनं त्याच दिवशी तो डबा भंगारात दिला. मामीनं आता लॅपटॉप घेतलाय. त्या खोलीला कुलूप आहे.

मध्यंतरी मी तिच्याकडे गेले होते. धीर करून विचारलंच, "मामी, मामाचा तर तुझ्यावर एवढा जीव होता. मग असं का गं?"

ती त्या कुलपाकडे बघत होती. डोळ्यांत भीती नव्हती. तेच मला जास्त लागलं.

"जीव होता म्हणूनच," ती हळूच म्हणाली. "त्यांना एकट्याला करमत नसेल गं..."

तेव्हापासून मी तिला रोज फोन करते. दोन रिंगांत तिनं उचलला नाही, की माझे हातपाय गार पडतात.