सीपीयूचा गृहप्रवेश

तो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तेव्हा मला वाटलं, तान्हं बाळच घेऊन आलाय. पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलेलं, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून स्वतःचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटून घेतलेला. पंचा सोडला तर आत सीपीयू निघाला. त्यावर हळदकुंकवाची बोटं होती.

"हे चालू व्हायला लय वेळ घ्यायलंय," खांदा चोळत तो म्हणाला.

"लय म्हणजे किती?"

"बाबांचं स्नान, संध्या, चहा... एवढं सगळं होतं."

मी हसले. वसमत रोडवर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारी बाई मी एकटीच. गिऱ्हाईक आत डोकावतं आणि मलाच विचारतं, "मालक कुठं गेलेत?" यानं तसं विचारलं नाही. मी स्क्रू काढत असताना मोबाइलचा टॉर्च धरून मुकाट उभा राहिला. उजेड मशीनवर कमी आणि माझ्या हातांवर जास्त पडत होता, पण ते मी बोलून दाखवलं नाही.

त्याचं नाव केयूर. चारठाण्याच्या शाळेत गणित शिकवतो. वडील भगवानराव गुरुजी पत्रिका बघतात, आणि चौदाशे घरांच्या पत्रिका त्या एका सीपीयूच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये होत्या. दुसरी प्रत कुठंच नव्हती. मशीन सुरू होताना त्याच्याबरोबर नऊ गेम आपोआप सुरू होत होते. मी ते काढले आणि बजावलं, "गुरुजींना सांगा, स्क्रीनवर दिसेल ते दाबत जाऊ नका."

पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. सीपीयू हळू, आणि आत सात नवे गेम. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. एसटीत सीपीयूला खिडकीजवळची जागा मिळायची आणि हा कडेला बसायचा.

"कंडक्टर ओळखायला लागलाय," तो एकदा म्हणाला. "विचारत होता, लेकराचं अर्धं तिकीट काढू का?"

"लेकरू कुणावर गेलंय म्हणाला?"

"सांगत नव्हता... पण सुभाव आईचा असेल म्हणाला. तापट हाय."

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. दोघंही शोधायला वाकलो आणि बराच वेळ तो कुणालाच सापडला नाही.

आता माझं पाप सांगते. त्या मशीनला काय हवंय ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नवीन एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवायची, जुन्या डिस्कवरचं सगळं विंडोज जसंच्या तसं तिच्यावर उतरवायचं, एका दुपारचं काम. मग ते पळत सुटलं असतं. पण ते पळायला लागलं असतं तर हा कशाला आला असता? एरवी कुठल्याही गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीतच एसएसडी गळ्यात मारणारी मी, याच्यासमोर अडीच महिने मूग गिळून बसले होते.

अकराव्या रविवारी डिस्कमधून आवाज आला. कट्... कट्... डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. मी तिथल्या तिथं मशीन बंद केलं आणि आता डिस्क बदलावीच लागेल म्हणून सांगितलं. त्यानं घरी फोन लावला.

"विंडोज जुन्या घरातून नव्या घरात जायलंय म्हणजे गृहप्रवेशच झाला की," पलीकडून गुरुजी म्हणाले. "मुहूर्ताशिवाय जमायचं न्हाई. पुढच्या रविवारी दोनला सुरू करा. साडेचारला राहुकाळ लागतो, त्याच्या आत आटपा. आमी स्वतः येतोत."

तो आठवडा डिस्क माझ्या कपाटात होती आणि माझा जीव टांगणीला.

रविवारी गुरुजी आले. हातात नारळ. त्यांनी नव्या एसएसडीला कुंकू लावलं. जोडायच्या पट्टीवर लागू नये म्हणून मी मध्ये बोट धरलं. ठीक दोनला काम सुरू केलं. दहा टक्के, तीस, पन्नास. त्रेसष्टवर आकडा थांबला आणि कट् कट् पुन्हा सुरू झालं. तीन वाजले, साडेतीन वाजले. कूलरचं वारं अंगावर येत होतं तरी माझ्या मानेवरून घाम ओघळत होता.

गुरुजी रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. खुर्चीत लहान झाल्यासारखे बसले. "कित्येकांच्या घरी आता कागदसुदिक न्हाई," ते म्हणाले. "माझ्या भरवशावर हायत सगळे."

मला राहवेना. "गुरुजी, चूक माझी हाय. डिस्क बदलायला पायजे हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं."

"मग बोलली का न्हाईस, बाई?"

"मशीन नीट झालं असतं तर... दर रविवारी येणं थांबलं असतं."

कुणाचं येणं, ते त्यांनी विचारलं नाही. मीच सावरायला गेले, "तसे गेमपण लय होते हो. तुमी दिसेल ते दाबत होतात ना..."

"मी?" गुरुजी ताठ झाले. "मी पत्रिकेशिवाय कशालाच हात लावत न्हाई."

केयूरचे कान कुंकवाच्या रंगाचे झाले. "बाबा... गेम मी टाकायचो. पहिले नऊ खेळायला, मग दर शनिवारी."

"आणि एसटीत साठ किलोमीटर आदळत आणायचास. अकरा वेळा."

"खिडकीजवळ बसवत होतो की..."

गुरुजींनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तू बिघडवायचास, आणि ही नीट करायची न्हाई."

आम्ही दोघं मान खाली घालून उभे राहिलो. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तरी आत कुठंतरी इतकं गोड वाटत होतं की मला माझाच राग आला. दर शनिवारी... तेवढ्यात केयूरनं माझ्या ओढणीचं टोक हलकंच ओढलं. स्क्रीनवर चौसष्ट दिसत होतं.

चार वीसला शंभर टक्के झाले. जुनी डिस्क काढली, एसएसडी बसवली. गुरुजींनी डोळे मिटून श्लोक म्हणायला घेतला आणि दुसऱ्या ओळीला मशीन सुरू होऊन उभं राहिलं. बारा सेकंद. चौदाशेच्या चौदाशे घरांच्या पत्रिका जागेवर होत्या. केयूर खाली मान घालून पंच्याची घडी घालायला लागला. आता परत यायला काही निमित्त उरलं नव्हतं.

"थांब," गुरुजी त्याला म्हणाले आणि मशीनसमोर बसले. "एक पत्रिका काढून बघतो. बाई, तुझी जन्मतारीख? गाव? वेळ?"

तारीख सांगितली, गाव पिंगळी सांगितलं. वेळेसाठी आईला फोन लावला. आमचं घर स्टेशनच्या मागं.

"सकाळची पॅसेंजर आली तेव्हा झालीस," आई म्हणाली. "गाडीचा टाइम साडेसातचा. पण त्या दिवशी लेट होती."

"किती लेट?" गुरुजींनी विचारलं.

"ते कुणी बघितलं? मी कळा द्यायले होते."

गुरुजींनी साडेसात टाकून पाहिलं. केयूरची पत्रिका शेजारी उघडली. "गुण सव्वीस. पण सप्तमात मंगळ."

केयूरनं घातलेली घडी पुन्हा उलगडली.

गुरुजींनी साडेनऊ टाकलं. बटण दाबायच्या आत उत्तर समोर. लग्नरास पुढं सरकली, मंगळ सहाव्या घरात गेला, दोष सुटला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि फोनकडे वाकून विचारलं, "ताई, आपली पॅसेंजर कधी वेळेवर आलेली आठवते का?"

"एकदाही न्हाई."

"झालं तर मग," म्हणत गुरुजींनी नारळ उचलून माझ्या हातात दिला. "दोन तास लेट होती."