दोन मोकळे हात

अंडं सोलायला दोन हात लागतात, आणि प्रज्वलचा एक हात डायलिसिसच्या मशीनला अडकलेला. वाशिमच्या त्या वॉर्डात निकिताला त्याच्या शेजारची खाट आजच मिळाली होती. किन्हीराजाला भाजीची वाडी करणारा, आई गेल्यापासून एकटाच राहणारा हा पोरगा छातीवर अंडं ठेवून केव्हाचा खटपट करत होता.

"तुहा एक हात मोकळा हाये ना? दे मंग."

पहिल्याच भेटीत तू! आमच्या घरी तुळशीची माळ आहे, आम्ही अंड्याला शिवत नाही, असं तिनं ठसक्यात सांगितलं.

"खाऊ नको. नुसतं धर."

तिला हसू आवरेना... तिनं धरलं, त्यानं सोललं. बोटांना बोटं लागली, तशी दोघंही उगाच खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघू लागली.

केनवडला घरी निकिताचं जेवण वेगळं. मशीन लागण्याआधी डॉक्टरांनी डाळ कमी करायला सांगितली होती. लागल्यावर मात्र डाळ, पनीर खा, नाहीतर अंगातलं मांस झडेल, असं बजावलं. घरच्यांनी पहिलं घट्ट धरलं, दुसरं कानाआड केलं. तिचा जीव तुटू नये म्हणून सगळे आधीच वरण खाऊन घेत. मग तिला भात आणि दोडकं. मायेनंच करत बिचारे. ती एकटी जेवायची आणि ऐन तरुणपणी भिंतीला धरून उठायची.

प्रज्वल तिच्यासाठी मुगाचं धिरडं आणू लागला.

"करपलं हाये," ती म्हणे.

"तुह्याच विचारात करपलं..."

एक दिवस शेजारच्या खाटेवर कुणी म्हातारे गृहस्थ दिसले. प्रज्वलचे यायचे वार बदलले, नर्स म्हणाली. निकिताला तो वॉर्ड एवढा रिकामा कधी वाटला नव्हता.

त्या संध्याकाळी घरचे जेवायला बसले, तशी ती ताट घेऊन त्यांच्यात जाऊन बसली. तुले डाळ चालत नाही, म्हणत आई दचकली.

"मशीन लागल्यापासून चालते, आई. डॉक्टरनंच सांगतलं. अन् मले एकटीनं जेवाचं नाही आता."

आईनं डोळे पुसले आणि वरण वाढलं.

हात धुऊन निकितानं त्याला फोन लावला.

"जेवली मी, सगळ्यायसंगं. तू?"

"एकट्यासाठी कायले रांधू..."

ती फोन घेऊन ओसरीवर आली.

"मंग एकटा राहू नको."

पलीकडून पावसाचा आवाज येत होता.

"येऊ का मंग..." तो हळूच म्हणाला, "तुह्या बाबाले भेटाले?"