पीळ किती हवा?

कागदाच्या पडद्याला पडलेलं भोक गोल असायला हवं होतं. ते चक्क भेंडीसारखं लांबुळकं पडलं होतं.

रेवतीने जवळ जाऊन पाहिलं, मागून पाहिलं, बोट घालून पाहिलं. दुसरी गोळी झाडली, तिचंही तेच.

"गोळी हवेत आडवी झाली आणि कुशीवर आदळली," टिकोजी म्हणाला. टिकोजी हा यंत्रमानव. नको तिथे मत देण्याची त्याला भारी हौस, म्हणून रेवतीच्या आबांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं. "तोफ बिघडली आहे. मी आधीच बजावलं होतं."

"तू काही बजावलं नव्हतंस," रेवती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

त्याला कारणही तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी भैरवकड्याची मोठी दरड कोसळली आणि कड्याखालची आळी रिकामी करावी लागली. रेवतीची जिवलग मैत्रीण कोयना तेव्हापासून पठारावरच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती. कड्यावर गवत आणि झाडं वाढली, मुळांनी माती धरली, तरच आळी पुन्हा वसणार होती. कड्याजवळ वारा असा घुमायचा की बी टाकणारे ड्रोन खडकावर आपटून फुटत. म्हणून गावाने बीजतोफ आणली होती. दाबलेल्या हवेच्या जोरावर ती माती आणि बियांची गोळी लांबून कड्याच्या भेगेत मारते. पण गोळी टोकावर आदळली तरच भेगेत रुतते. कुशीवर आदळली की फुटून खाली सांडते.

आणि कोयनाचे वडील, ढेबेकाका, कंटाळून पुण्याला कायमचे निघाले होते. घरातली भांडीसुद्धा बांधून झाली होती.

रेवतीने जुन्या-नव्या गोळ्या उचलल्या, टिकोजीला तोफ ओढत आणायला लावली आणि थेट आबांची कार्यशाळा गाठली. आबांचं सारं आयुष्य बंदुकांच्या नळ्यांवर संशोधन करण्यात गेलं होतं. निवृत्त झाले तरी नळी दिसली की आत डोकावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. आजी म्हणायची, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

"मागच्या वर्षी हीच तोफ नीट चालली होती ना?" आबांनी विचारलं. "मग यंदा काय बदललं?"

"गोळी," रेवती हळूच म्हणाली. "मी बदलली."

गावाचा एक रिवाज होता. सामायिक पेरणीत प्रत्येक घरचं बी पडलंच पाहिजे. मागच्या वर्षी छोट्या गोळीत सगळ्या घरांचं बी मावलं नाही, आणि लोक फार हिरमुसले. म्हणून रेवतीने यंदा गोळी जड केली. जड गोळीला वारा कमी ढकलतो, हेही तिने वाचलं होतं.

"ते खरंच आहे," आबा म्हणाले. "पण जड करताना तू तिची जाडी वाढवलीस का?"

"कशी वाढवणार? नळीत शिरली नसती."

"म्हणजे वजन वाढलं आणि त्याबरोबर...?"

रेवतीने जुनी आणि नवी गोळी शेजारी ठेवली. "लांबी वाढली!"

आबांनी तोफेच्या नळीत दिवा धरला. आतल्या भिंतीवर तिरप्या खाचा होत्या, दोरीच्या पिळासारख्या वळत गेलेल्या. "गोळी या खाचांना घासत पुढे जाते आणि स्वतःभोवती फिरू लागते. किती अंतरात तिची एक फेरी पूर्ण होते, ते म्हणजे नळीचा पीळ. या नळीत टोकापासून टोकापर्यंत एकच फेरी आहे."

"पण फिरवायचं कशाला?"

 आबांनी मातीचे दोन भोवरे केले, जाडीला सारखेच. एक बुटका, एक उंच. दोन्हींत काडी खोचली आणि म्हणाले, "फिरव. बेताने."

बुटका भोवरा ताठ उभा राहिला. उंच भोवरा डुलला आणि आडवा झाला. रेवतीने तोच पुन्हा जोरात फिरवला, तेव्हा तोही उभा राहिला.

"उंचाला जास्त वेग लागतो!" ती ओरडली.

"बरोबर. हवा गोळीचं टोक बाजूला ढकलत असते. गोळी लांब असेल तर हवेला तरफ (जोर वाढवणारा दांडा) मोठी मिळते. तिच्यापुढे टिकायला गोळीला घूर्णस्थैर्य (फिरत्या वस्तूचा आपली दिशा न सोडण्याचा गुण) जास्त हवं. म्हणजे फेऱ्या जास्त, आणि पीळ घट्ट. बंदुकीतही हेच. जड गोळी वापरायची तर तिच्या लांबीला शोभेल असा पीळ हवा."

"मग गोळी पुन्हा छोटी करा," टिकोजी म्हणाला. "निम्म्या घरांचं बी वगळा. सोपं आहे."

"अजिबात नाही," रेवती म्हणाली. "आपण नळी बदलू. चांगल्या चार फेऱ्यांची!"

आबा गालातल्या गालात हसले, पण अडवलं नाही. टिकोजीने यंत्रावर नळीचं नवं अस्तर (आत बसवायची पातळ नळी) छापलं. तोफ पुन्हा पडद्यासमोर उभी राहिली, सगळे मागे सरले, आणि रेवतीने कळ दाबली. गोळी पडद्यापर्यंत पोचलीच नाही. वाटेतच तिच्या ठिकऱ्या उडाल्या.

"फिरणारी वस्तू बाहेरच्या बाजूला ताणली जाते," आबा म्हणाले. "तुझ्या गोळीचं कवच मातीचं आहे, बाळा, शिशाचं नव्हे. अति तिथे माती."

रेवती ओशाळली, पण थांबली नाही. एक फेरी कमी पडते, चार जास्त होतात. तिने दोन फेऱ्यांचं अस्तर छापायला सांगितलं.

या वेळी पडद्याला भोक पडलं, ते बांगडीसारखं गोल. रेवतीने आबांना अशी मिठी मारली की त्यांचा चष्माच खाली पडला.

संध्याकाळी तोफ कड्यासमोर आली. गाव जमलं. ढेबेकाकाही लांब उभे होते. गोळ्या एकेक करून भेगांत रुतू लागल्या, तसे ते पुढे आले.

"पोरी, हिच्यात आमच्या घरचं बी हाय का?"

"प्रत्येक गोळीत आहे, काका. सगळ्यांचं."

त्यांनी एक गोळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ही मी भरू?"

रेवतीने वाट दिली. काकांनी गोळी आत सरकवली, कळ दाबली, आणि ती कड्याच्या मोठ्या भेगेत टोकानेच घुसली. "आता रुजंल ना ही?" काकांनी विचारलं.

रेवतीला खोटं बोलवेना. "काका, ती रुजेलच असं मात्र मी सांगू शकत नाही."

"शेतकऱ्याला हे तू सांगतीस व्हय?" काका हसले. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच हसले होते. मग मागे वळून म्हणाले, "कोयना, आईला सांग, भांडी सोडाय घे म्हणावं. उगवतंय का बघूनच काय ते ठरवू."

कोयना अशी काही धूम पळाली, की टिकोजीला त्यावर मत द्यायचंसुद्धा सुचलं नाही.