चुंबक लावू का?

"चुंबक लावू का?"

प्रश्न ईडाच्या तोंडून सुटला आणि आजूबाजूच्या घडीच्या खुर्च्यांवरची चार-पाच डोकी एकदम वळली. मागे आइस्क्रीमच्या खिडकीपाशी तिच्या मैत्रिणीने, काय्साने, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. पैज तिचीच होती. "एवढी धीट झालीयस ना या वर्षी? मग जा, त्या पिवळ्या गाडीवाल्याला विचारून दाखव!"

दर शुक्रवारी संध्याकाळी गावातले शौकीन आपापल्या जुन्या गाड्या या मैदानात आणून लावायचे आणि बॉनेट उघडून शेजारी बसायचे. पाहिजे तेवढं कौतुक करा, फोटो काढा, पण चुंबक? छे! चिकटलं तर खरा पत्रा, घसरलं तर गंजाच्या भोकांत पुटी भरून वरून रंग फासलेला. हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून तर कुणी कुणाच्या गाडीला चुंबक लावत नसे. भर मांडवात नवरीचे दात मोजण्यातलाच प्रकार तो!

पिवळ्या गाडीवाला मुलगा मात्र चिडला नाही. त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि ईडाकडे नीट बघितलं. डोळे हिरवट होते... आणि झोप न झालेले.

"विकत घेणार आहेस?"

"बघू. गाडीवर अवलंबून आहे," ईडा ऐटीत म्हणाली. "आणि मालकावर."

"मालक गेल्या हिवाळ्यात गेले." त्याने बॉनेटवर अलगद हात ठेवला. "आजोबा माझे. मी जॅगो. घर आवरायला आलोय, सुट्टीपुरता. ऑगस्ट संपला की आजी आणि मी आईकडे, ॲरिझोनाला." मग तो किंचित हसला. "लाव चुंबक. आजोबांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केलीय ही. मला भीती नाही."

खरं तर तिथेच ईडाने माफी मागून आइस्क्रीम खायला जायला हवं होतं. पण तिने खिशातून फ्रीजवरचं माशाच्या आकाराचं चुंबक काढलं, रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळलं आणि कामाला लागली. हे तिला बाबांनी शिकवलं होतं. वेन केतोला हिवाळाभर रस्त्यांवरचा बर्फ सारून, उरलेला वितळावा म्हणून मीठ टाकणारा ट्रक चालवायचे. "अर्ध्या गावच्या गाड्या माझ्या मिठाने गंजतात," ते म्हणायचे, "तेव्हा गंज ओळखायला तरी शीक, पोरी."

दार... टक्. चिकटलं. मडगार्ड... टक्. डिकी... टक्. जॅगो तिच्या मागेमागे, प्रत्येक 'टक्'ला लहान मुलासारखा खूश.

मग ती वाकली. दाराखालची लांब पट्टी, गाडीचा उंबरठाच म्हणा ना. पत्र्याचं छप्पर नसलेल्या गाडीचा सगळा भार त्या उंबरठ्यावर. तो गेला की गाडी गेली. ईडाने रुमालातलं चुंबक तिथे टेकवलं आणि बोटं सैल केली.

चुंबक घसरलं.

तिने ते खालच्या खाली तळहातात झेललं. पुन्हा लावलं, वीतभर पुढे. पुन्हा घसरलं. सगळी पट्टी पुटीची! वर रंग असा सुरेख, की म्हातारबाबांच्या हाताला दाद द्यावी.

"काय म्हणतेय?" जॅगोने विचारलं. आवाजात काहीतरी होतं... निकालाच्या दिवशी असतं तसं. खुर्च्यांवरची मंडळी कान टवकारून बसलेली. सगळ्यांनी त्याच्या आजोबांना खांदा दिलेला.

ईडाने वर बघितलं. हिरवट डोळे तिच्यावर खिळलेले.

"घट्ट," ती म्हणाली. "एकदम घट्ट."

एक शब्द. नंतर कितीतरी वेळा तिला वाटलं, तो शब्दही तसाच खालच्या खाली झेलता आला असता तर...

*

"मग घेतेस?" पुढच्या शुक्रवारी त्याने विचारलं.

"एवढ्यात? अजून काहीच तपासलं नाहीये मी!" ईडाने डोळे मोठे केले. "जुनी गाडी म्हणजे काय भाजी वाटली? हे बघ, आज इंजिन. आणि आधी गरम करून ठेवायचं नाही हं. गार असताना माझ्यासमोर सुरू करायचं. गरम इंजिन गोड बोलतं, आजार लपवतं. ती शुद्ध फसवणूक!"

बोलताना तिची जीभ क्षणभर अडखळली. पण जॅगो हसत होता, आणि तो हसला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची... मग काय, राहून गेलं.

इंजिन खोकलं, शिंकलं, सुरू झालं. धूर पांढरा निघाला आणि लगेच विरला. निळा असता तर ऑइल जळतंय समजायचं. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय नव्हती, म्हणजे आत पाणी शिरलेलं नव्हतं. चासीवरचा नंबर कागदांशी जुळला. बाकी सगळं उत्तम होतं, हीच तर पंचाईत! वाईट असतं तर एका दमात सांगून मोकळी झाली असती.

"आणि आता?"

"आता पुढच्या शुक्रवारी गिअर."

"एका दिवशी एकच गोष्ट तपासतेस तू?"

"मी फार काटेकोर आहे."

"ते दिसतंच आहे," जॅगो म्हणाला. "काय्सा सांगत होती, तू गणिताचा पेपर अर्ध्या तासात देऊन आलीस म्हणून."

ईडाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. काय्साला ती बघून घेणार होती!

अशी ती सुट्टी चालली. एका शुक्रवारी त्याने आजीच्या हातची पेस्टी आणली, आणि दोघं बॉनेटला टेकून ती गरमागरम, मांस-बटाटा भरलेली करंजी खाऊ लागले. ईडाने बॅगेतून केचपची बाटली काढली तसा तो किंचाळला, "केचप? पेस्टीवर? आमचे पणजोबा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून येऊन ही घेऊन इथल्या खाणीत उतरले ते काय केचप लावायला?"

"आमचे फिनलंडहून आले आणि तुमच्यापेक्षा चांगली करायला लागले. गाजर घालून."

"गाजर!" त्याने छातीवर हात ठेवला. "ईडा केतोला, आपलं जमणं कठीण आहे."

"कोण म्हणालं जमवायचंय?" ती म्हणाली. पण त्याच्या बाहीवर पडलेला कण तिने बोटाने टिपला, आणि बोट जरा जास्तच वेळ तिथे राहिलं.

जुलैत मार्क्वेट शहरातून एक दाढीवाला गाडी बघायला आला. गाडीखाली शिरून बराच वेळ पडून राहिला. बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाला, "काम खूप आहे, पण मी करीन. देतोस?" जॅगोला ते भाव पाडायचं बोलणं वाटलं. त्याने ईडाकडे बघितलं. ती बुटाची नाडी बांधायला वाकली. तो म्हणाला, "नको. हिची तपासणी चालू आहे अजून." दाढीवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मिशीत हसला आणि निघून गेला. गाडीचा खरा दवा जाणणारा एकुलता एक माणूस असा वाटेला लागला.

आणि तो पावसाचा शुक्रवार... सरोवरावरून ढग आला तो थेट कोसळलाच. मैदानात धावाधाव. जॅगोने कापडी छत ओढलं आणि दोघं आत. छत गळतं का हेही तपासायचंच होतं म्हणा. काचा धुक्याने भरल्या. बाहेरचं जग नुसतं पिवळं-करडं, आणि आत ओल्या चामड्याचा वास, त्याच्या शर्टाचा वास, आणि... टप्. एक थेंब नेमका ईडाच्या नाकावर.

"गळतं," ती पुटपुटली.

"लिहून ठेव." त्याने अंगठ्याने थेंब पुसला. अंगठा गालावरच थांबला. "ईडा, एक सांगू? आलो तेव्हा वाटलं होतं, ही लवकर विकावी आणि सुटावं. आजोबांचं सगळं संपलंच होतं. पण तू म्हणालीस ना, घट्ट... त्या दिवसापासून वाटतं, त्यांचं काहीतरी शाबूत आहे. पक्कं."

आता सांग. आता! तिच्या मनाने हाका मारल्या. शब्द ओठांवर आलेही. पण तो इतका जवळ होता की एक शब्द बोलली तर मागे सरेल, असं वाटलं तिला... आणि मग ओठांना दुसरंच काम मिळालं.

पाऊस थांबला तेव्हा काय्सा काचेवर टकटक करत होती. "झाली का तपासणी?"

*

शेवटच्या शुक्रवारी जॅगो आला तो नाचतच. पुढच्या काचेतली 'विकणे आहे' ची पाटी त्याने काढली आणि टर्रकन दोन तुकडे केले.

"विकत नाहीये! हीच घेऊन जाणार ॲरिझोनाला. आजी विमानाने, मी हिच्यातून. उद्या सकाळी निघतो. मोठ्या रस्त्याने, ट्रकांच्या रांगेतून, छत उघडं टाकून... आणि तिकडे मीठच नाही गं रस्त्यावर! ही आणखी पन्नास वर्षं जगेल. तू ये तिकडे. येशील ना?"

ईडाला ट्रक दिसले. त्या ट्रकांमध्ये ही चिमणीएवढी गाडी दिसली, पुटीच्या उंबरठ्यावर उभी. एक धक्का आणि पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी मिटली असती.

हसू ओठांवर ठेवायचा तिने प्रयत्न केला. जमलं नाही. खिशात हात घातला.

"जॅगो... चुंबक लावू का?"

"पुन्हा?" तो हसला. "लाव की!"

ती गुडघ्यांवर बसली. रुमाल गुंडाळला नाही या वेळी. त्याचा हात धरून तिने चुंबक त्याच्याच बोटांत दिलं आणि बोटं उंबरठ्यावर नेली. "सोड."

मासा घसरला आणि डांबरावर आपटला. जॅगोने उचलला, पुन्हा लावला. पुन्हा. पुढे, मागे, दुसऱ्या बाजूला. शेजारच्या खुर्च्यांवरची मंडळी उठून बघायला लागली.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्याच दिवसापासून."

"आणि तरी..."

"तू असा बघत होतास... आणि मला तू आवडलास. पहिल्याच दिवशी. वाटलं, खरं सांगितलं तर पुढच्या शुक्रवारी बोलायला काही उरणारच नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो हळूच म्हणाला, "मग आवडलास हेच सांगायचं होतंस ना. ते तर खरं होतं."

ईडा उठून उभी राहिली.

"आजोबांनी लपवलं, तू लपवलंस." त्याने चुंबक तिच्या हातात परत ठेवलं. "ज्यांना माझी माया, त्यांनीच मला घट्ट म्हणून सांगायचं... मी उभा कशावर राहू?"

त्याने बॉनेट मिटलं, आवाज न करता.

*

शनिवारी सकाळी पेट्रोल पंपासमोर बस उभी होती. आजी आदल्या दिवशीच विमानाने गेली होती. घराची किल्ली शेजाऱ्यांकडे. गाडीचे सुटे भाग काढून विकणारा माणूस सोमवारी येऊन पिवळी गाडी ओढून नेणार, हे काय्साने कळवलं होतं. ईडा धावत पोचली तेव्हा जॅगोचा एक पाय पायरीवर होता. तिने फडक्यात बांधलेली गरम पेस्टी पुढे केली. पहाटे उठून केलेली, आयुष्यात पहिल्यांदा.

त्याने वास घेतला. गालाची खळी पडते न पडते तोच विरली.

"गाजर?"

"नाही घातलं."

त्याने तिच्याकडे बघितलं, आणि अगदी साधेपणाने विचारलं, "खरं?"

त्या एका शब्दाने ईडाचं काळीज चिरलं. गाजरासाठी! एवढ्याशा गाजरासाठीसुद्धा आता त्याला विचारावं लागत होतं.

"उघडून बघ," ती कशीबशी म्हणाली.

त्याने उघडलं नाही. पेस्टी जपून बॅगेत ठेवली, मान हलवली आणि आत गेला. बस वळली. खिडकीत हात दिसल्यासारखा वाटला... की उन्हाची तिरीप होती, कुणास ठाऊक.

*

संध्याकाळी सौनातून, घरच्या वाफेच्या न्हाणीतून, निघून केतोला कुटुंब नेहमीसारखं बाहेरच्या पायऱ्यांवर बसलं. अंगातून वाफा निघताहेत, हातात गार दूध. ईडाचं दूध तसंच होतं. आईने दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला होता.

"आई, बाबा," ती एकदम उठून उभी राहिली. "मी ती पिवळी गाडी घेतेय. सहलीसाठी साठवलेल्या पैशांतून. जॅगोच्या आजीला मघाशी फोन केला, ती हो म्हणाली."

"अगं, पण तो उंबरठा..." बाबांनी ग्लास खाली ठेवला. गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही.

"पूर्ण कुजलाय. दोन्ही बाजूंनी. आतून किती ते कापल्यावरच कळेल. छतही गळतं, नेमकं डाव्या सीटवर." ती एका दमात बोलत गेली. "शाळेत या वर्षी मी वेल्डिंग घेणार. गाडी हिवाळाभर आपल्या गॅरेजात राहील आणि बाबा, तुमची बाहेर बर्फात. सॉरी. आणि दर शुक्रवारी मी त्याला फोटो पाठवणार. गंजाचे, भोकांचे, माझ्या वाकड्यातिकड्या जोडांचे, जसं असेल तसे. त्याने उत्तर नाही दिलं तरी."

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी लांब, सरोवराकडे.

"दुरुस्त होईल याची खात्री नाही, पोरी."

"माहितीये," ईडा म्हणाली. "पण घट्ट झाली नाही, तर नाही झाली म्हणून सांगेन."