सहा वर्षांची कोरी पाटी

"माझी सहा वर्षं चोरीला गेलीत," संघमित्रा गमरे म्हणाली आणि तिने टेबलावर बॅग अशी आपटली, की हेरंबचा चहा बशीत आला.

लालबागच्या मसाल्याच्या दुकानांवर पहिल्या मजल्यावर मीराबाई गवाणकरांचं डिटेक्टिव्ह ऑफिस. येणारं प्रत्येक माणूस आधी मिरचीच्या तिखट वासाने दोनदा शिंकतं, मग बोलतं. ही शिंकलीसुद्धा नाही, इतकी तापलेली.

हेरंब पूर्वी लग्नांचे फोटो काढायचा, आता मीराबाईंसाठी खोटारड्यांचे काढतो. कुठलीही गोष्ट आपल्याला सगळ्यांत शेवटी कळते, हे त्याला व्यवस्थित माहीत आहे.

संघमित्रा शीवला एका लॅबमध्ये रक्त तपासते. लॉटरीत तिला घर लागलेलं. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र घरासाठी जमा करायला दहा दिवस उरले होते, आणि बँक म्हणत होती, तुमचा क्रेडिट रेकॉर्ड कोरा आहे. कार्ड नाही, कर्ज नाही, काहीच नाही.

"सहा वर्षं कार्ड वापरतेय मी. हे बघा, माझं नाव छापलंय."

कार्ड राजारामकाकांच्या खात्यावरचं, जादाचं, म्हणजे ॲड-ऑन. वापर, तुझा स्कोअर वाढेल, असं सांगून त्यांनीच दिलेलं. दोन वर्षांपूर्वी ती स्वतःचं वेगळं कार्ड घ्यायला निघाली, तर काकांनीच अडवलं. दोन कार्डं झाली की स्कोअर पडतो म्हणे. तिचा संशय होता चुलतभावावर, अर्णववर. तो कॉम्प्युटरमधला, आणि घराची लॉटरी लागल्यापासून तिच्याशी धड बोलत नव्हता.

तिने मोबाइल पुढे केला. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे भरल्याचे बहात्तर स्क्रीनशॉट. सगळे पैसे राजाराम गमरे यांना.

"काकाच पुढे बँकेत भरत असणार," हेरंब म्हणाला.

"बरोबर," मीराबाई म्हणाल्या. हेरंबचं बरोबर असतं पण उपयोगाचं नसतं, तेव्हाचा त्यांचा तो खास आवाज. मग संघमित्राला विचारलं, "ऑनलाइन काही घेतलंस तर ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?"

"काकांच्या. मी फोन करून विचारून घेते."

मीराबाईंनी एवढंच लिहून घेतलं.

बँकेतल्या प्रफुल्ल नावाच्या कर्ज अधिकाऱ्याने स्क्रीनच मीराबाई आणि हेरंबकडे वळवला. आम्हाला फक्त दिसतं, इथून कुणाला काही पुसता येत नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. निघताना मात्र हळूच म्हणाला, चांगल्या रेकॉर्डचा घरातला जामीनदार आणा, फाइल उद्याच पुढे सरकवतो.

राजारामकाकांच्या घोडपदेवच्या चाळीखाली नवाकोरा टेम्पो उभा होता, हार अजून सुकला नव्हता. राजारामांनी कर्जावर घेतलेला.

अर्णव दारातच भडकला. "मी कशाला हात लावू तिच्या कार्डाला? माझं वेगळं आहे. पहिल्या पगारालाच बाबांनी फॉर्म भरायला लावला."

काकींनी चहा दिला आणि मन मोकळं केलं. सहा-सात वर्षांपूर्वी वसुलीवाले गॅलरीत येऊन उभे राहायचे. तेव्हापासून यांनी कार्डाला शिवायचं नाही अशी शपथच घेतली, वापरते ती एकटी मित्राच.

राजाराम तर भलतेच हळवे झाले. पोरीवर अन्याय झाला, बँकेवर केस करा, तुमची फी मी देतो, म्हणाले.

मीराबाईंनी तिथूनच संघमित्राला बोलावून घेतलं. ती येऊन बसली, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"चोरलं काहीच नाही, मित्रा. पुसायला आधी काहीतरी लिहिलेलं असावं लागतं. जादा कार्डावर नाव तुझं, खातं यांचं. म्हणून तर ओटीपी यांना जातो. तू वेळेवर पैसे भरलेस की तो रेकॉर्डही यांच्याच नावावर चढतो."

"पण हे काकांना तरी कुठे माहीत असणार?" हेरंबने विचारलं.

"मलाही तसंच वाटलं होतं. अर्णव बोलेपर्यंत. जादा कार्डाने स्कोअर वाढत असता, तर बापाने ते आधी पोराला दिलं असतं. पोराला स्वतःचं काढून दिलं आणि पुतणीला अडवलं. का? सहा वर्षं यांनी कार्डाला हात लावला नाही, मग वेळेवर भरणारं कोण होतं? ज्यांच्या दारात वसुलीवाले यायचे, त्यांना टेम्पोचं कर्ज कुणाच्या जोरावर मिळालं?"

काकी नवऱ्याकडे अशा बघत होत्या, जणू हा माणूस आजच भाड्याने राहायला आलाय.

"मी तिच्याकडून एक रुपया जास्त घेतला नाही," राजाराम पुटपुटले.

"रुपया नाही घेतलात. तिची शिस्त घेतलीत."

संघमित्रा पुढे सरकली. कानांच्या पाळ्या लालबुंद, पण आवाज एकदम थंड. "बँकेला जामीनदार हवाय, काका."

राजाराम दचकलेच. "जामीन म्हणजे... उद्या तुझा हप्ता चुकला तर माझा रेकॉर्ड..."

बोलता बोलता ते थांबले. शेवटी हेरंबलासुद्धा कळलं, की यांना सगळं पहिल्यापासून कळत होतं.

"हां, तर तुमच्या रेकॉर्डला धक्का बसेल," संघमित्रा म्हणाली. "आणि या बहात्तर महिन्यांत तो किती वेळा बसला?"

राजारामांनी कपाळ पुसलं, छाती जरा पुढे काढली. "बरं. घरातलीच पोर आहेस. मन मोठं करतो मी."

"मन राहू द्या, काका. पॅन आणि आधारची झेरॉक्स द्या. चार वाजता बँक बंद होते."

बापाच्या कागदपत्रांची फाइल काखेत मारून अर्णव तोवर झेरॉक्स काढायला जिन्यात उतरलाही होता.