येरझाऱ्या

तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "सूनबाई, तुम्ही नेमकं करता काय?" कॉम्प्युटर दुरुस्त करते असं तिने सांगितलं. "म्हणजे मिस्त्रीच की," एवढं बोलून त्यांनी पेपरात डोकं घातलं, आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. पुढे गिऱ्हाइकंही त्याच नावाने फोन करू लागली. कामाला चोख, बोलायला बेताची, उगाच घाबरणाऱ्यातली नव्हे, अशी तिची ख्याती होती. मशीन झपाटलंय असं सांगणारी माणसं तिला वरचेवर भेटत. ती झाकण उघडी, फुंकर मारी, आणि भूत बहुतेक वेळा धुळीत नाहीतर सैल वायरीत सापडे.

त्या दिवशीचा फोन एका ताईंचा होता. शाळेच्या पुस्तकांची पानं लावायचं काम त्या घरी बसून करत.

"मशीन मधेच बंद पडतं हो, आणि आपलं आपणच परत सुरू होतं. काल अख्खा धडा गेला. पुस्तक छापायला जायचंय आणि माझा जीव टांगणीला लागलाय."

घर जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होतं. पुढची खोली, तिथून स्वयंपाकघरापर्यंत गेलेला लांब बोळ, आणि बोळात मध्यावर एक दार. दार अर्धवट उघडं होतं. आत पलंगावर एक पुरुष उताणा पडला होता, डोळे मिटून. धुतलेल्या चादरींचा आणि औषधांचा वास बोळात भरून राहिला होता.

"माझा दादा," ताई म्हणाल्या. "मशीन त्याचंच. झटका आला तेव्हापासून असा आहे. ऐकू येतं की नाही, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. तुम्ही खुशाल ठोकाठोक करा. घरात आवाज असलेला बरा."

मशीन पुढच्या खोलीत खिडकीपाशी होतं. लक्षणं ऐकूनच मिस्त्रीणबाईंना अंदाज आला होता की दुखणं मेमरीचं आहे. त्यांनी प्लग काढला, उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून बटण दाबून धरलं, अंगातली उतरावी म्हणून हात एकदा लोखंडी सांगाड्याला लावला आणि बाजूचं झाकण उघडलं. मेमरीच्या चार खाचांपैकी दोन भरलेल्या होत्या. त्यांनी दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, फडक्याने पुसले आणि परत बसवल्या. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या टक् टक् करून लागल्या. मग पेनड्राइव्हवरून तपासणीचा प्रोग्राम सुरू केला.

हा प्रोग्राम मेमरीचे बारीक चौकोन करून पडद्यावर मांडतो आणि एकेक तपासतो. धड असेल तो हिरवा, बिघडलेला असेल तो लाल. सगळे तपासून झाले की पुन्हा पहिल्यापासून फेरी सुरू. पडदा हिरवा होत गेला आणि डावीकडे एक चौकोन लाल निघाला.

सापडलं, असं त्यांना वाटलं. खराब मेमरी किडलेल्या दातासारखी असते. दुखते ती एकाच जागी.

दुसऱ्या फेरीत तो चौकोन हिरवा निघाला आणि त्याच्या शेजारचा लाल. तिसऱ्या फेरीत त्याच्या शेजारचा. त्या खुर्ची ओढून बसल्या. लाल चौकोन एकेक घर पुढे सरकत उजव्या कडेला गेला, तिथे एक फेरी थांबला आणि उलट फिरला. डावीकडच्या कडेपर्यंत आला. पुन्हा फिरला.

ताई चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडे पाहून हसल्या. "अगबाई, हे तर शब्दकोडंच. दादा पेपरासाठी कोडी रचायचा. उभा शब्द जमला की आडवा अडायचा. मग एकेका शब्दासाठी या बोळातून येरझाऱ्या. खालच्या काकू झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या, पण याला पत्ताच नसायचा. शब्द सापडला की मगच बसणार."

मिस्त्रीणबाईही हसल्या. तेव्हा त्यांच्या मनात काही आलं नाही.

कोणती पट्टी खराब आहे ते ओळखायचं तर एक काढून दुसरी एकटीच तपासायची. त्यांनी मशीन बंद केलं. त्याच क्षणी आतल्या खोलीतून आवाज आला, कुणीतरी दचकून श्वास आत घेतल्यासारखा. ताई कप ठेवून आत गेल्या. मिस्त्रीणबाईंनी पट्टी काढली, मशीन सुरू केलं. पडदा उजळला तेव्हा आतून श्वास सोडल्याचं ऐकू आलं. मधला सगळा वेळ तो सुटलाच नव्हता, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

आता पडद्यावर निम्मेच चौकोन होते. लाल चौकोन त्यांतही होता. पण आता तो घाईत होता. कडेला जाऊन आपटल्यासारखा लगेच उलटायचा आणि दुसऱ्या कडेला जाऊन पुन्हा उलटायचा.

"बाई, जरा येता का?" ताईंची हाक आली.

दादाच्या कपाळावर घाम फुटला होता. हातपाय जिथल्या तिथे, चेहरा निर्विकार, फक्त श्वास धावत होता. ताई टॉवेलने त्याचं कपाळ टिपत होत्या. "असं कधी होत नाही हो. मशीन बंद पडलं की दचकतो, तेवढंच. पण हे असं नाही."

मिस्त्रीणबाई दारात उभ्या होत्या. तिथून एका बाजूला पलंग दिसत होता आणि दुसऱ्या बाजूला, बोळाच्या तोंडातून, पुढच्या खोलीतला पडदा. चौकोन कडेला पोचला की दादाचा श्वास अडकत होता. तो फिरला की सुटत होता. त्यांनी डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं. त्यात फरक पडला नाही.

त्या मशीनकडे गेल्या, ते बंद करून काढलेली पट्टी बसवली आणि परत सुरू केलं. चौकोनाला पहिल्याइतकी जागा मिळाली तशी त्याची चाल संथ झाली. आतला श्वासही.

"झाला शांत," ताई आतून म्हणाल्या.

त्यानंतर मिस्त्रीणबाईंनी पिशवीतल्या कोऱ्या पट्ट्या लावून पाहिल्या. खाचा बदलून पाहिल्या. दर वेळी बंद करताना आतून तोच श्वास, आणि त्यांचा हात दर वेळी जरा जास्त घाई करी. चौकोन कोऱ्या पट्टीतही आला. पट्ट्यांत दोष नव्हता.

"मदरबोर्डचं काहीतरी असेल," त्या निघताना म्हणाल्या. "उद्या जास्त मेमरी घेऊन येते. तोवर बंद करू नका."

"नाही करणार," ताई लगेच म्हणाल्या. का, ते त्यांनी विचारलं नाही.

घरी जेवताना नवऱ्याने विचारलं, "काय होतं ग त्या मशीनला?"

"मदरबोर्ड असेल."

"असेल?" त्याने हातातला घास खाली ठेवला. इतक्या वर्षांत बायकोच्या तोंडून कुठल्या मशीनबद्दल 'असेल' ऐकल्याचं त्याला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा ताईंचे डोळे लाल होते. मशीन चालू होतं. खुर्ची दादाच्या खोलीच्या दाराशी ओढलेली होती, जिथून पलंग आणि पडदा दोन्ही दिसतात, बरोबर तिथे. खुर्चीवर उशी होती.

"मला एक सांगा," ताई म्हणाल्या, "या मशीनमध्ये जास्तीत जास्त किती जागा होईल?"

गिऱ्हाइकं मेमरी किती होईल असं विचारतात. ताई जागा म्हणाल्या होत्या. मिस्त्रीणबाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

"चारही खाचा भरते. यात मावतील त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या पट्ट्या आणल्यात. याच्यापुढे हे मशीन जाणार नाही."

"बरं. बंद करायच्या आधी सांगा. मी त्याच्याजवळ बसते."

मिस्त्रीणबाईंनी बाजूचं झाकण आधीच उघडून ठेवलं. चारही पट्ट्या वेष्टनातून काढून हाताशी मांडल्या. चालू मशीनसमोर इतका वेळ नुसतं बसून राहायची त्यांची ही पहिलीच खेप असावी. लाल चौकोन डावीकडून उजवीकडे जात होता. तो मध्यावर आला.

"ताई, करते बंद."

"करा."

आत श्वास घेतला गेला. घर गप्प झालं.

त्यांनी जुन्या पट्ट्या उपसल्या. सांगाड्याला हात लावायचं राहून गेलं. पहिली बसली, दुसरी बसली, तिसरी उलटी धरली गेली, ती फिरवली. चौथी दाबली. बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. मशीन शिट्ट्या मारू लागलं, लांब, एकामागून एक. मेमरी नीट बसली नाही की मशीन असंच ओरडतं. रोजच्या कामातली गोष्ट.

"बाई." ताईंचा आवाज मोठा नव्हता. "लवकर."

त्यांनी पुन्हा बंद केलं. बोटं घामाने निसटत होती. पहिली खिट्टी लागलेली, दुसरी लागलेली. चौथ्या पट्टीचं खालचं टोक केसभर वर होतं. त्यांनी अंगठा ठेवून जोर दिला.

टक्.

पडदा उजळला. आतून श्वास सुटला, आणि त्याच्या पाठोपाठ ताईंचा हुंदका.

आता चौकोनांनी जवळजवळ सगळा पडदा भरला होता. उजवीकडे तेवढी काळी पट्टी मोकळी होती, तिथे मेमरी नव्हती. लाल चौकोन डाव्या कडेला उभा होता. बऱ्याच फेऱ्या तो हललाच नाही, नव्या घरात पाऊल टाकणाऱ्या माणसासारखा. मग निघाला.

तो रमतगमत चालला होता. आतला श्वास लांब झाला, खोल झाला.

"असा श्वास घेतलाच नव्हता हो याने," ताई म्हणाल्या. "आजारी पडल्यापासून एकदाही नाही."

चौकोन उजव्या कडेला पोचला आणि थांबला.

मिस्त्रीणबाई तो उलट फिरायची वाट पाहत राहिल्या. एक फेरी झाली. आणखी एक झाली. तो कडेलाच होता.

मग कडेचा चौकोन हिरवा झाला, आणि त्याच्या पलीकडे, काळ्या पट्टीत, लाल चौकोन उमटला.

तिथे काही उमटूच शकत नव्हतं. तिथे तपासायला काही नव्हतंच.

तो आणखी एक घर पुढे गेला. मग आणखी एक. पडद्याच्या चौकटीला टेकला.

मग नव्हता.

पडदा अथपासून इतिपर्यंत हिरवा होता. खाली ओळ आली, एकही दोष नाही.

त्या उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या. ताई दादाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसल्या होत्या. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं. दादाची छाती हळूहळू वर होत होती आणि खाली जात होती, अगदी एका लयीत.

"बघा ना, किती शांत झोपलाय," ताई म्हणाल्या.

मिस्त्रीणबाईंनी दादाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मशीन चालू असतं, पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडद्यावर काहीच येत नाही, अशी मशीनं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

"हो," त्या म्हणाल्या. "मशीन आता बंद पडणार नाही. तुमचं काम बिनघोर करा."

"तुम्ही देवासारख्या आलात."

मिस्त्रीणबाईंनी हत्यारं आवरली, जुन्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि चपला घातल्या. लिफ्ट खाली अडकली होती, म्हणून त्या जिन्याकडे वळल्या. जिन्याला खिडक्या नव्हत्या. भरदिवसाही तिथे काळोख असे, म्हणून दर मजल्यावर माणसाची चाहूल लागली की आपोआप लागणारे दिवे बसवलेले होते.

त्या पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, एवढ्यात खालच्या मजल्यावरचा दिवा लागला.

कुणी वर येत असेल म्हणून त्या कडेला सरकल्या. पावलांचा आवाज येत नव्हता. त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. जरा वेळाने त्याच्या खालच्या मजल्यावरचा दिवा लागला. मग त्याच्या खालचा. कसली घाई नव्हती. रमतगमत, एकेक मजला.

सगळ्यांत खालचा दिवा लागला. तो काही वेळ तसाच राहिला.

मग त्याच्या वरचा लागला.